दाढेत पू झाला, गाल सुजला: रात्र कशी काढायची अन् सकाळी कुठं जायचं

दाढदुखी जोर धरते ती बहुतेक रात्रीच. दिवसा कामाच्या नादात ठणका कसाबसा सहन होतो, पण रात्री पाठ टेकली की डोक्याकडं रक्ताचा जोर वाढतो, दाढेच्या आतला दाब वाढतो अन् माणूस उठून अंगणात फेऱ्या मारत बसतो. त्यात गाव तालुक्यापासून लांब, शेवटची एसटी गेलेली, घरात कोणती तरी जुनी अर्धी स्ट्रिप पडलेली, अन् शेजारची बुढी सांगत असते की लवंग ठेव, तंबाखू दाब, बिब्बा लाव.

माझं विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल आहे. "भाऊ, दाढ लय ठणकून रायली, एखादी पावरफुल गोळी द्या ना" हे माझ्या कानाला रोजचं. गोळी देतो, पण गोळीनं पू जात नाही हे काउंटरवर उभ्या उभ्या समजावता येत नाही, मागं लोक थांबलेले असतात, म्हणून इथं सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, तेव्हा दाढेचा इलाज डेंटिस्टच करणार. पण डेंटिस्टपर्यंत पोचायच्या आधीची रात्र अन् त्यानंतरचे दिवस नीट गेले पाहिजेत, लोक गडबड करतात ती तिथंच.

सगळ्यात आधी हे बघा, बाकी नंतर

गोळी-बिळी शोधायच्या आधी आरसा अन् टॉर्च घ्या, किंवा घरातल्या कोणाला तरी तोंड बघायला लावा. खालच्या जबड्याच्या खाली किंवा गळ्याकडं सूज उतरली आहे का, जिभेखालचा भाग टणक होऊन जीभ वर उचलल्यासारखी झाली आहे का, स्वतःची थुंकी गिळता येते का, की लाळ बाहेर गळते, बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं जड झालं का, श्वास घ्यायला त्रास होतो का. यातलं एकही असलं तर ही दाढदुखी राहिलेली नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात खोल असतात, तिथला पू जिभेखाली अन् गळ्यात उतरला तर श्वासाची वाट दाबली जाते अन् माणूस काही तासांत गंभीर होऊ शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून याला आजही लुडविग्ज अँजायना म्हणतात.

अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा, गाडी फुकट येते. पेशंटला आडवं झोपवू नका, बसवूनच ठेवा, थोडं पुढं वाकून, अन् खायला-प्यायला काही देऊ नका. आणि डेंटल क्लिनिकमध्ये नाही, ऑक्सिजन अन् ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्या.

वरच्या दाताचा पू डोळ्याकडं चढतो. गाल सुजून डोळा अर्धा मिटत चालला, डोळ्याभोवती लाली आली, दिसायला फरक पडला, तरी तेच करायचं. थंडी वाजून मोठा ताप, माणूस बरळतोय, गुंगीत आहे, दिवसभर लघवी झाली नाही, किंवा तोंडात दोन बोटं उभी मावत नाहीत इतकं तोंड बंद झालं, हेही त्याच रात्री दाखवायचं.

तोंड न उघडण्याबद्दल आपल्याकडं एक भानगड आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याचं तोंड तसंही हळूहळू कमी उघडत जातं, गालाची आतली कातडी पांढरी, कडक होते. ते वर्षा-दोन वर्षांत होतं. पुवामुळं तोंड बंद होतं ते एक-दोन दिवसांत. काल भाकरीचा घास जात होता अन् आज चमचा जात नाही, तर खर्ऱ्यावर ढकलून मोकळं होऊ नका. अन् हळूहळू बंद झालं असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवडे झाले तरी भरत नसेल, तर तेही दाखवायचंच आहे, पण ती कॅन्सरची तपासणी, तो वेगळा विषय.

अजून एक. वय झालेला माणूस, शुगर-बीपीवाला, चालताना किंवा काम करताना खालचा जबडा दुखतो, सोबत घाम, छातीत जडपणा, अन् दाढ तर धड दिसते. हे हृदयाचं दुखणं असू शकतं. त्याला दाढेची गोळी देऊन झोपवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

आत नेमकं काय झालेलं असतं

हे समजलं तर पुढचं सगळं आपोआप समजतं म्हणून लिहितो, कंटाळा करू नका.

दाताला आधी कीड लागते. कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात अन् त्यानं दात विरघळतो, बस. बाजाराच्या दिवशी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "हे पाहा किडे पडले" म्हणून दाखवणारे अजून आहेत, त्या पांढऱ्या अळ्या दाढेत कधी नव्हत्याच. खड्डा खोल जाऊन नसेपर्यंत पोचला की आधी गार झोंबतं, मग गरम चहानं ठणका सुरू होऊन बराच वेळ राहतो, मग काही न खाताही ठणकतं. याच टप्प्यात काही लोकांना गार पाण्यानं बरं वाटतं, बाटली उशाशी घेऊन झोपतात. अन् मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं.

लोक इथंच फसतात! दुखणं थांबलं ते नस मेली म्हणून. मेलेल्या नसेत जंतूंना रान मोकळं मिळतं, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथं पू साठतो, अन् काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, दाढ उंच झाल्यासारखी वाटते, दात दातावर टेकवला तरी जीव जातो, गाल सुजतो. पुवानं हाडातून वाट काढली की हिरडीवर मुरमासारखी पुळी येते, ती फुटली की तोंडात खारट घाण चव येते अन् एकदम आराम पडतो. हा आरामही खोटाच, कारण आतली मेलेली नस जिथल्या तिथं असते.

दुसरा प्रकार हिरडीचा. दात किडलेला नसतो, पण हिरडी अन् दाताच्या मधल्या फटीत घाण अडकून पू होतो, दात हलतो. शुगरवाल्यांत हे जास्त दिसतं. अक्कलदाढ अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली असली तरी तिच्यावरच्या हिरडीच्या टोपीखाली असंच होतं, वीस-पंचवीस वयाच्या पोट्ट्यांत.

आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथं दातांवर तपकिरी डाग असतात. ते डाग म्हणजे कीड नाही. डाग घासून काढायला म्हणून राख अन् विटकरीची पूड लावू नका, दाताचं वरचं कवच झिजतं.

आजची रात्र

पहिलं काम गुळण्या. एक पेला कोमट पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात धरून दुखऱ्या बाजूला अर्धा-एक मिनिट ठेवायचं अन् थुंकायचं, असं दर दोन-तीन तासांनी, अन् खाल्ल्यावर तर नक्कीच. कोमट म्हणजे कोमट, चटका बसेल असं नाही. दाढेत अन्न अडकलं असेल तर हलक्या ब्रशनं किंवा धाग्यानं काढा, कधी कधी निम्मा ठणका त्या अडकलेल्या मटणाच्या तुकड्याचाच असतो. सेफ्टी पिन, सुई, काडीपेटीची काडी घालून कोरू नका. फवारणी करून आलेल्या हातानं तर तोंडात बोटच घालू नका, आधी साबणानं हात धुवा, हे आपल्या भागात सांगावं लागतं.

दुसरं, बाहेरून गार शेक. बर्फ नसेल तर फ्रीजमधल्या पाण्याची बाटली, तीही नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, गालावर दहा-पंधरा मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. गरम विटेचा किंवा तव्यावरच्या फडक्याचा शेक देतात आपल्याकडं, तो देऊ नका. ऊबेनं सूज वाढते अन् पू बाहेरच्या कातडीकडं ओढला जाऊ शकतो, मग गालावर कायमचा व्रण राहतो.

तिसरं, झोपताना डोक्याखाली दोन-तीन उशा, किंवा सरळ भिंतीला टेकून. एवढ्यानंही ठणका उतरतो.

लवंग. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं जागा थोडी बधिर होते, ही गोष्ट खरी. कापसाच्या बोळ्याला एक-दोन थेंब लावून फक्त दाढेच्या खड्ड्यात ठेवायचं, हिरडीवर ओघळलं तर हिरडी भाजते. बाटलीच तोंडात ओतणारे पाहिलेत मी. लहान पोरांना तेल लावूच नका, पोटात गेलं तर विषारी पडतं.

आता काय करू नये ते, कारण यानं बिघडलेले लोक जास्त येतात. बिब्बा नको, त्याच्या तेलानं गाल आतून भाजून निघतो अन् जखम दाढेपेक्षा जास्त दुखते. चुना, तंबाखू, गूळ-तपकीर, रॉकेल, पेट्रोल, बॅटरीचं पाणी नको. गोळी चुरून किंवा अख्खी दाढेशी दाबून ठेवायची नाही, अ‍ॅस्पिरिननं तर हिरडी पांढरी पडून जळते. गोळी पोटात जाऊनच काम करते. मोहाच्या दारूची गुळणी करून ती गिळून टाकायची हा सगळ्यात आवडता इलाज, त्यानं झोप लागते अन् वरून घेतलेली गोळी लिव्हरला अन् पोटाला जड जाते. पुळी सुईनं फोडायची नाही. ती आपली आपण फुटली तर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, पू थुंकून टाका, गिळू नका, अन् सकाळी तरीही जा.

गोळ्यांचा हिशोब

इथं जरा सावकाश वाचा. धडधाकट मोठ्या माणसाला, ज्याला अ‍ॅसिडिटीचा अल्सर नाही, किडनीचा, हृदयाचा त्रास नाही, दमा नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, त्याला दाढेच्या ठणक्यावर सगळ्यात चांगली जोडी म्हणजे आयब्युप्रोफेन अन् पॅरासिटामॉल. दोघांचं काम वेगळं, म्हणून मिळून जास्त गुण येतो. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची एक, काही तरी खाऊन, सोबत पॅरासिटामॉल ५०० ची एक. पुन्हा लागली तर सहा ते आठ तासांनी. आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ४०० च्या तीनच गोळ्या. पॅरासिटामॉल सगळं धरून २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत ठेवा. वजन कमी असलं, दारू रोजची असली, कावीळ होऊन गेली असली तर त्याहून बरंच कमी, अन् तेही विचारून.

गोंधळ होतो तो नावांचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० अन् पॅरासिटामॉल ३२५ दोन्ही असतात. डोलो ६५० म्हणजे पॅरासिटामॉल ६५०. क्रोसिन म्हणजेही पॅरासिटामॉलच. माणूस संध्याकाळी कॉम्बिफ्लाम घेतो, रात्री डोलो, पहाटे शेजाऱ्याकडची सर्दीची गोळी, त्यातही पॅरासिटामॉल, अन् त्याला वाटतं मी तीन वेगळ्या गोळ्या घेतल्या. पॅरासिटामॉल जास्त झालं तर त्या दिवशी काहीच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लिव्हर बसतं. म्हणून स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा, घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला लावा, अन् कोणती गोळी किती वाजता घेतली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हेच विचारणार आहेत.

"पावरफुल गोळी" म्हणून लोक मागतात ती बहुतेक केटोरोलॅक, पाण्यात विरघळणारी. गुण येतो, खोटं कशाला बोलू. पण ती आयब्युप्रोफेनच्याच खानदानातली, पोटात रक्तस्राव अन् किडनीला मार हे तिच्यात जास्त. चिठ्ठीवरच घ्यायची, पाच दिवसांच्या वर नाही, अन् ती चालू असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक यातलं काहीच नाही. एका वेळी एकच. नायमेसुलाईड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून देशात बंदी आहे, तरी जुनी बाटली घरात असली की मायबाप देतात, ती फेकून द्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत शेतात राबून आलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आटलेलं असतं, त्यात दाढ दुखते म्हणून जेवण नाही, पाणी नाही, अन् वरून उपाशीपोटी आयब्युप्रोफेन. किडनीला याच्याइतकं वाईट दुसरं नाही. आधी पाणी, ताक, आंबील, मग गोळी. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ असली अन् ताप नेमका कशाचा ते कळत नसेल तर फक्त पॅरासिटामॉल घ्या, बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

गरोदर बाईला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका, तिच्यासाठी पॅरासिटामॉल, अन् लवकरात लवकर डॉक्टर. पोटुशी बाईच्या दाढेचा इलाज होत नाही हा गैरसमज आहे. पू असेल तर कोणत्याही महिन्यात इलाज करतात, आणि बाकीच्या कामाला मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे. लहान पोरांचा डोस वयावर नाही, वजनावर असतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, अन् बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते बघून मोजायचं. १२० ची बाटली वेगळी, २५० ची वेगळी. पोरांना अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

अँटिबायोटिकचं खूळ

आमच्याकडं दिवसातून कितीतरी जण पाच गोळ्यांचं पाकीट मागायला येतात, "मागच्या खेपेला याच्यानंच बरं झालं होतं". बरं नव्हतं झालं, थांबलं होतं, म्हणून तर परत आलात ना. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, रक्त जात नाही तिथं औषध पोचत नाही. विहिरीत मेलेलं जनावर तसंच ठेवून वरून ब्लीचिंग टाकत राहायचं, तसलं हे काम आहे.

जंतू फक्त दाढेपुरते अन् जवळच्या हिरडीपुरते असतील, ताप नसेल, तब्येत धड असेल, अन् दाढेचा इलाज लगेच होणार असेल, तर अँटिबायोटिकची गरज बऱ्याचदा पडतच नाही, पू काढला की काम होतं. ताप आला, सूज पसरायला लागली, गळ्यात गाठी आल्या, तोंड उघडेना, किंवा अंगात शुगरसारखा आजार असला की मग डॉक्टर लिहून देतात, बहुतेक अ‍ॅमॉक्सिसिलिन (हे पेनिसिलिनच्याच खानदानातलं), कधी सोबत मेट्रोनिडॅझोल. पेनिसिलिनच्या सुईनं किंवा गोळीनं कधी अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर आधीच सांगा. मेट्रोनिडॅझोल चालू असताना अन् संपल्यावर दोन-तीन दिवस दारू नाही, उलट्या अन् धडधड होते. लिहून दिलेल्या गोळ्या दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करून उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत. अन् गोळ्या सुरू करून दोन-तीन दिवसांत सूज उतरत नसेल, वाढतच असेल, तर परत जायचं, थांबायचं नाही.

गावातल्या बिनडिग्रीच्या डॉक्टरकडच्या कागदाच्या पुडीबद्दलही बोलतो, कोणाला राग आला तर येऊ द्या. पुडीत कोणती गोळी आहे ते तुम्हालाही कळत नाही, मलाही नाही. त्यात स्टेरॉईड असलं तर सूज एका रात्रीत उतरते, माणूस खूश, अन् आत जंतूंना अडवणारी ताकद कमी होते, शुगरवाल्याची शुगर तीनशे-चारशे. गोळी स्ट्रिपमधली घ्या, नाव वाचता येईल अशी.

जायचं कुठं, काय न्यायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस डॉक्टर असतात, ते दुखणं कमी करायचं, गरज असली तर अँटिबायोटिक, असं तात्पुरतं नक्की करतात, अन् पुढं पाठवायची चिठ्ठी देतात. दात बघणारा डेंटल सर्जन मात्र ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथं. ती जागा भरलेली आहे का अन् कोणत्या वारी ओपीडी असते हे आशाताईला किंवा फोनवर विचारूनच निघा, नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत एक रोज बुडतो अन् परत मोकळ्या हातानं यावं लागतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत तपासणी अन् उपचार फुकट आहेत, केस पेपरलाही पैसे नाहीत. बऱ्याच लोकांना हे अजून माहीत नाही अन् ते खासगीतल्या खर्चाच्या धाकानं दाढ वर्ष-वर्ष तशीच ठेवतात.

मोठं काम असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात. वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथं अन् अमरावतीतही दंत महाविद्यालयं आहेत. तिथं विद्यार्थी काम करतात म्हणून लोक घाबरतात. वर शिक्षक उभा असतो, घाई नसते, अन् खर्च बाहेरच्यापेक्षा कमी. फक्त वेळ जातो, दोन-तीन चकरा धरूनच चाला.

बाजारात चटई टाकून दात काढणाऱ्या-बसवणाऱ्याकडं जाऊ नका. त्याच्या चिमट्यावर आधीच्या माणसाचं रक्त असतं, हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही तिथून येऊ शकतं.

जाताना जेवून जा, शुगर-बीपीची गोळी नेहमीसारखी घेऊन जा. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या स्ट्रिप, जुनी चिठ्ठी, शुगरचा रिपोर्ट पिशवीत टाका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त चालू आहे म्हणून सांगा. हृदयाची झडप बदललेली असेल तेही सांगा. आणि आपल्या भागात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट पुष्कळ, त्यांनी कार्ड सोबत न्यायचंच. दाढेच्या जंतूनं, तापानं, पाणी कमी पडल्यानं सिकलसेलचा अटॅक येऊ शकतो, म्हणून त्यांनी तर "बघू दोन दिवस" करूच नये, अन् पाणी पीत राहावं. खर्रा त्या दिवशी सकाळपासून नको. डॉक्टरला आत दिसलं पाहिजे ना काही!

खुर्चीवर काय होतं

भीती इथलीच असते म्हणून थोडं सांगतो. आधी एक्स-रे. मुळाच्या टोकाशी काळा ठिपका दिसला की पुवानं हाड खाल्लं हे कळतं. मग सुई. पू असलेल्या जागी सुई नीट लागत नाही हे खरंच आहे, तिथं आम्ल वाढलेलं असतं त्यामुळं बधिर करायचं औषध कमी चालतं, म्हणून डॉक्टर जरा लांबून, नसेच्या मुळाशी सुई देतात. तरी दुखलं तर हात वर करून सांगा, दात-ओठ चावून बसू नका.

मग पुवाला वाट करून देतात. कधी दाढ वरून उघडली की पू तिथूनच येतो, कधी फुगलेल्या हिरडीला छोटी चीर देतात, रबराची पट्टी एक-दोन दिवस ठेवतात. दाब सुटला की पेशंटचा चेहराच बदलतो, दोन रात्री जागलेली माणसं खुर्चीवरच डुलक्या घेतात.

त्यानंतर दोनच रस्ते: दाढ वाचवायची किंवा काढायची. वाचवायची म्हणजे रूट कॅनल. मेलेली नस काढून बारीक फायलींनी मुळं साफ करतात, औषधानं धुतात, आत गट्टापर्चा नावाचं रबरासारखं भरतात, वर सिमेंट, अन् मागच्या दाढेला बहुतेक वेळा कॅप. एक ते तीन बैठका. दुसऱ्या बैठकीला लोक जात नाहीत, दुखणं गेलेलं असतं अन् सोयाबीन काढायचं असतं, मग आतलं कच्चं सिमेंट निघून सहा महिन्यांनी तीच दाढ पुन्हा फुगते, अन् शिव्या डॉक्टरला. वेळ नसेल, पैसा नसेल, दाढेत काही उरलंच नसेल तर सरळ काढून टाका. पाच वेळा गोळ्या खाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

"सूज असताना दाढ काढत नाहीत" हे पूर्ण खरं नाही. बऱ्याच वेळा सूज असतानाच दाढ काढली की पू निघून सूज लवकर उतरते. तोंडच उघडत नसेल किंवा शुगर फार वाढलेली असेल तर डॉक्टर आधी ते आटोक्यात आणतात. तुमच्या डॉक्टरनं पाच दिवसांनी बोलावलं असेल तर पाचव्या दिवशी जा, दुखत नसलं तरी जा. अन् "वरची दाढ काढली का नजर जाते बाप्पा" हे तर साफ खोटं, दाढेची नस वेगळी अन् डोळ्याची वेगळी.

दाढ काढल्यावर

बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. त्या दिवशी थुंकायचं नाही, गुळणी नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, लाळ गिळून टाका. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते ती तिथं राहिली पाहिजे, ती निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका मारतो, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, अन् ते बहुतेक बिडी-खर्ऱ्यावाल्यांनाच होतं. तेव्हा निदान तीन-चार दिवस तरी दोन्ही बंद. बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका, गाल चावला जातो अन् कळत नाही. त्यानंतर गार किंवा कोमट, मऊ खायचं: खिचडी, ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेला भात, ताक. ठेचा, तर्री, फुटाणे चार दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवसापासून जेवल्यावर मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या. थोडं गुलाबी पाणी रात्रभर येतं, त्याला घाबरू नका. पण तोंड भरून लाल रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी खड्ड्यावर अर्धा तास दाबा, तरी थांबलं नाही तर परत दवाखाना. सूज दोन-तीन दिवस राहते मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर वाढत असेल, ताप येत असेल, तर तेही दाखवा.

शुगरवाल्यांनी या दिवसांत शुगर रोज तपासा. जंतूनं शुगर वाढते अन् वाढलेल्या शुगरनं जंतू, हे दोन्ही एकमेकांना पोसतात. जेवण कमी जातंय म्हणून इन्सुलिन किंवा गोळी मनानं बंद करू नका, डोस डॉक्टरला विचारा.

पोरांच्या दुधाच्या दाढेचं राहिलं. "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात, पण त्या दाढेच्या मुळाखालीच कायमच्या दाताचा कोंब असतो, अन् वरचा पू त्याला डाग पाडू शकतो. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. हिरडीवर पुळी दिसली तर पोरगं रडत नसलं तरी दाखवा. आणि दाढ लवकर काढावी लागली तर जागा धरून ठेवायची तार बसवायची का हे डॉक्टरला तेव्हाच विचारून घ्या, नंतर बाजूचे दात सरकले की पक्की दाढ वाकडी येते.